वाचकांचे प्रश्न : विजेवरचे विमान अधिक वेळ कसे उडेल?

प्रश्न : माझ्याकडे फोमचे, चार चॅनेलचे शिकाऊ रेडिओ-नियंत्रित विमान असून बॅटरीसह त्याचे वजन सुमारे ९५० ग्रॅम आहे. तीन सेलच्या २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर ते सहा मिनिटे उडते. ५००० एमएएचची बॅटरी बसवल्यास हा वेळ दुपटीहून अधिक होईल, असे मित्राचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? (एक वाचक, तासगाव, जि. सांगली)

उत्तर : आपल्या मित्राने बॅटरीवरचा आकडा पाहिला, पण तिचे वजन हिशेबात धरलेले दिसत नाही. २२०० एमएएचची बॅटरी साधारण १८० ग्रॅमची असते, तर ५००० एमएएचची चारशेच्या आसपास भरते. म्हणजे विमान ११७० ग्रॅमचे होईल. सरळ पातळीत उडण्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढत असल्याने ती सुमारे ३७ टक्क्यांनी वाढेल आणि सव्वादोन पटींहून थोड्या अधिक क्षमतेतून प्रत्यक्षात सव्वा ते पावणेदोन पटींच्या दरम्यानच वेळ मिळेल. शिवाय विमान हवेत टिकून राहण्याचा किमान वेग ११ टक्क्यांनी वाढेल, म्हणजे उतरतानाही ते तितकेच जोरात येईल. आपल्या भागात द्राक्षबागांच्या मांडवांच्या तारा चहूकडे असताना शिकणाऱ्याने हा सौदा घाईने करू नये.

त्याआधी सध्याच्या बॅटरीतून नेमके किती खर्च होते, ते पाहावे. सहा मिनिटांनंतर चार्ज करताना चार्जरने किती एमएएच भरले, याची नोंद ठेवावी. समजा १५०० भरले, तर सरासरी प्रवाह १५ अँपिअर झाला. लायपोतील ८० टक्के, म्हणजे १७६० एमएएच वापरणे सुरक्षित मानले जाते. त्या हिशेबाने काहीही न बदलता सात मिनिटे मिळतात.

मात्र खरी बचत थ्रॉटलच्या, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करणाऱ्या, काडीत आहे. नवशिके बहुधा तीन-चतुर्थांश थ्रॉटलवर उडतात, कारण वेगात विमान आज्ञाधारक वाटते. जोरात उडताना हवेचा विरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार बदलते, त्यामुळे वेग एक-पंचमांशाने कमी केला, तर तो खर्च जवळपास निम्म्यावर येतो. अर्थात याला मर्यादा आहे. फार मंद उडवल्यास पंखाला वर उचलून धरण्यासाठीच अधिक शक्ती लागू लागते आणि विमान अचानक उचल गमावून कोसळण्याचा धोका वाढतो. पुरेशा उंचीवर थ्रॉटल हळूहळू कमी करत, नाक वर न धरता उंची टिकते ती काडीची जागा शोधावी.

संथ उड्डाणाला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर कमी असलेला) प्रोपेलर अधिक कार्यक्षम ठरतो. उदाहरणार्थ, ९×६ च्या जागी १०×४.५ (इंचांत व्यास×पिच) वापरून पाहता येईल. पण तीच मोटर मोठा प्रोपेलर फिरवताना पूर्ण थ्रॉटलला जास्त प्रवाह ओढू शकते. म्हणून विमान घट्ट धरून वॉटमीटरने मोजावे आणि आकडा मोटर व ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) यांच्या मर्यादेच्या आतच असल्याची खात्री करावी. गवतावर हातानेच विमान सोडत असाल, तर चाकेही काढून टाका. नांगरलेल्या रानातील ढेकळांत त्यांचा उपयोग तसाही उलटण्यापुरताच होतो. चाके काढल्यावर गुरुत्वमध्य मात्र पुन्हा तपासावा, कारण नाक जड असलेल्या विमानाला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) सतत वर धरावा लागतो आणि त्यातही शक्ती वाया जाते.

एप्रिलच्या दुपारी शाळू निघालेले काळे रान शेजारच्या ओल्या उसापेक्षा बरेच अधिक तापते आणि त्यावरून गरम हवा वर चढते. तिथे घार पंख न हलवता घिरट्या घालत असेल, तर तिच्यापासून अंतर राखून त्या पट्ट्यात मोटर बंद करावी, म्हणजे ती हवाच विमानाला उचलून धरील. मात्र मोटर बंद असतानाही हवेने फिरत राहणारा प्रोपेलर आपल्या विमानाला अडथळा करील. ईएससीचा ब्रेक (मोटर थांबवून धरण्याची सोय) चालू ठेवून पाती मागे मिटणारा प्रोपेलर बसवल्यास हा विरोध बराच कमी होतो. परत येऊन उतरण्यापुरती बॅटरी मात्र शिल्लक असावी.

प्रश्न : उड्डाण रद्द झाले, तर भरलेली लायपो बॅटरी तशीच ठेवावी का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : एखाद्या दिवसापुरती चालेल. त्याहून अधिक काळ ठेवायची असल्यास चार्जरच्या ‘स्टोरेज’ सोयीने प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणावा. भरलेल्या अवस्थेत, त्यातून उन्हाळ्यात, पडून राहिल्यास तिची क्षमता लवकर घटते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.