सांख्य आस्तिक कसे? आणि देव न मानणाऱ्याला काय म्हणावे?

एका वाचकाचा प्रश्न आहे: सांख्यदर्शन ईश्वर मानत नाही, तरी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ते 'आस्तिक दर्शनां'त कसे बसवतात? आणि तसे असेल, तर आज देव न मानणाऱ्या माणसाला 'नास्तिक' म्हणणे चुकीचे ठरते का?

पुस्तकांचे बरोबर आहे. 'आस्तिक-नास्तिक' या जोडीचा देवाशी संबंध पुढे कधीतरी जुळला, मुळात तो नव्हता. पाणिनीचे सूत्र आहे 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (4.4.60). 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. पण काय आहे आणि काय नाही, हे सूत्रात नाही. काशिकावृत्तीने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेने, ती रिकामी जागा 'परलोक' या शब्दाने भरली. (याच सूत्रातला तिसरा भाऊ 'दैष्टिक', म्हणजे सगळे दैवावर सोडणारा. तो मराठीत आलाच नाही. आपण 'दैववादी' म्हणतो.) मनुस्मृतीने मात्र वेगळी कसोटी लावली: 'नास्तिको वेदनिन्दकः' (2.11). वेदाची निंदा करतो तो नास्तिक.

दर्शनांची जी विभागणी आपण पाठ करतो, ती वेदप्रामाण्याच्या या कसोटीवर उभी आहे. म्हणून निरीश्वर सांख्य आस्तिकांत बसते. मीमांसकांचे, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्यांचे, उदाहरण तर त्याहून बोलके आहे. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टाने जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची कल्पना युक्तिवाद करून खोडून काढली, पण वेद त्याला शिरोधार्य, म्हणून तो आस्तिक. उलट बौद्ध आणि जैन कर्म मानतात, पुनर्जन्म मानतात, तरी वेद प्रमाण मानत नाहीत म्हणून नास्तिक. जैन आचार्य हरिभद्राने 'षड्दर्शनसमुच्चया'त बौद्ध आणि जैन मतांनाही आस्तिकवाद्यांत मोजले आणि लोकायत, म्हणजे परलोक न मानणारे चार्वाकमत, वेगळे काढले. परलोकाची कसोटी लावली की हेच उत्तर येते. यादी कोण करतो, यावर माणूस कुठल्या रकान्यात जाईल हे ठरत होते, आणि 'नास्तिक' हे नाव बहुतेक वेळा समोरच्याने दिलेले असायचे.

'पाखंडी'ची कथा याच जातीची आहे. अशोकाच्या गिरनारच्या लेखात राजा 'सव पासंडानि', म्हणजे सर्व पंथांचा, आदर करतो असे म्हटले आहे. तिथे 'पासंड'ला तुच्छतेचा वासही नाही. पुढे त्याची शिवी झाली, आणि आज तर मराठीत पाखंडी म्हणजे ढोंगी असाही अर्थ निघतो. देव न मानणाऱ्याला हा शब्द कधीही लावू नये, कारण तो निदान आपले मत लपवत तरी नाही.

आता आजचे मराठी. बोलण्यात नास्तिक म्हणजे देव न मानणारा, एवढाच अर्थ उरला आहे, आणि तो पूर्ण रूढ आहे. तो चूक ठरवण्यात हशील नाही. जो स्वतःला नास्तिक म्हणवतो त्याला खुशाल नास्तिक म्हणावे. दर्शनाबद्दल किंवा एखाद्या जुन्या विचारवंताबद्दल लिहिताना मात्र 'निरीश्वरवादी' वापरावा, म्हणजे वेद, परलोक आणि ईश्वर यांची सरमिसळ होत नाही. महात्मा फुल्यांना कुणी नास्तिक म्हटले की मला खरोखर वाईट वाटते. त्यांनी पुरोहितशाही नाकारली, ग्रंथांचे प्रामाण्य नाकारले, पण 'निर्मिका'वर, म्हणजे जग निर्माण करणाऱ्यावर, त्यांची निष्ठा होती.

'अज्ञेयवादी' वेगळा. ईश्वर आहे की नाही हे कळण्यासारखेच नाही, अशी भूमिका घेणारा. थॉमस हक्सलेने 1869 मध्ये इंग्रजीत जो शब्द घडवला, त्याचा हा मराठी पर्याय. 'बुद्धिप्रामाण्यवादी' आणि 'विवेकवादी' हे विचार करण्याच्या पद्धतीबद्दल बोलतात, निष्कर्षाबद्दल नाही. नास्तिक म्हणायला संकोच वाटतो म्हणून त्यांचा सौम्य पर्याय करणे मला पटत नाही. त्यात दोन्ही शब्दांचे नुकसान आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर तर त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, हे सतत सांगत राहिले.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो 'निधर्मी'चा. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की कुणालाही आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि 'मी कोणत्याच धर्माचा नाही' असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. याचिका करणारे येशू ख्रिस्ताला मानत होते, पण ख्रिस्ती किंवा अन्य कोणताही धर्म मानत नव्हते. म्हणजे निधर्मी, पण नास्तिक नव्हेत. जैन मुनी याच्या बरोबर उलट: धर्मात आकंठ बुडालेले आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे.

लेखनाचे एक सांगायचे राहिले. निः + ईश्वर = निरीश्वर, म्हणून 'री' दीर्घ. 'निरिश्वरवादी' हे अशुद्ध.