बेरीज कमी का येते? जावातील थ्रेडविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी रत्नागिरीत संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थ्रेड या क्लासवरून माझा क्लास बनवला, त्याचे दोन ऑब्जेक्ट केले आणि दोघांची ‘रन’ मेथड बोलावली. मात्र पहिल्याचे काम संपेपर्यंत दुसऱ्याचे सुरूच होत नाही. माझा संगणक जुना असल्यामुळे असे होते का?

उत्तर : संगणकाचा यात काही दोष नाही. ‘रन’ ही इतर कोणत्याही मेथडसारखीच मेथड आहे. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा. ‘रन’ थेट बोलावली की बोलावणारा थ्रेडच ती चालवतो, आणि आपल्या प्रोग्राममध्ये तो ‘मेन’, म्हणजे मुख्य थ्रेड आहे. नवा थ्रेड ‘स्टार्ट’ बोलावल्यावरच जन्माला येतो. ‘स्टार्ट’ नव्या थ्रेडची मागणी नोंदवून लगेच परतते, आणि तो थ्रेड पुढे त्याची पाळी येईल तेव्हा ‘रन’मध्ये शिरतो. खात्री करायची असेल तर ‘रन’च्या पहिल्या ओळीत चालू थ्रेडचे नाव छापावे : ‘मेन’ उमटले तर चूक कायम आहे, ‘थ्रेड-0’ आणि ‘थ्रेड-1’ उमटले तर ती सुटली आहे. त्यानंतर दोघांच्या ओळी प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमाने आल्या तर घाबरू नये. त्या क्रमाची हमी कोणीच दिलेली नाही. दोघेही संपल्यावरच पुढे जायचे असेल, तर दोघांना सुरू केल्यानंतर प्रत्येकावर ‘जॉइन’ बोलवावे. एक ऑब्जेक्ट एकदाच सुरू करता येतो. संपलेल्या थ्रेडवर पुन्हा ‘स्टार्ट’ केल्यास ‘इल्लीगल थ्रेड स्टेट एक्सेप्शन’ ही त्रुटी येते.

प्रश्न : चिपळूणच्या महाविद्यालयात मी जावा शिकवते. विद्यार्थ्यांना आधी थ्रेडचा वारसा शिकवावा की रनेबल?

उत्तर : रनेबल, म्हणजे थ्रेडने करायचे काम वेगळे लिहिण्याचा इंटरफेस, आणि तोही पहिल्याच तासाला. जाळे ओढणे हे काम वेगळे आणि ते ओढणारा खलाशी वेगळा. एकाचे काम दुसऱ्या खलाशाकडे देता येते, कारण काम कोणाच्या अंगाला शिवलेले नसते. थ्रेडचा वारसा घेतला की नेमके तेच शिवले जाते. शिवाय जावात एका क्लासला एकच पालक क्लास असतो, तो यात खर्ची पडतो. 2014 मध्ये जावा 8 आल्यापासून रनेबल एका ओळीच्या लॅम्बडाने (नाव नसलेल्या छोट्या मेथडने) लिहिता येतो, त्यामुळे वारशाची पद्धत सोपी असते हा जुना युक्तिवादही आता उरलेला नाही. प्रश्नपत्रिकेत दोन्ही पद्धती विचारतात, म्हणून दुसरी नंतर दाखवावी.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. काढणीच्या दिवसांत दोन ठिकाणी पेट्या भरल्या जातात आणि त्यांच्या नोंदी दोन फायलींत असतात. प्रत्येक फाईलसाठी एक थ्रेड केला. दोघेही एकाच स्टॅटिक (सर्व ऑब्जेक्टना सामायिक) ‘एकूण’मध्ये एकेक पेटी मिळवतात. चार-पाच नोंदींवर बेरीज बरोबर येते, पूर्ण हंगामाच्या नोंदींवर मात्र कमी येते, आणि दर वेळी वेगळी. ‘रन’ला सिंक्रोनाइज्ड लावूनही फरक पडला नाही.

उत्तर : या वेळच्या पत्रांतला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘एकूण’मध्ये एक मिळवणे कागदावर एका ओळीचे दिसते, पण प्रत्यक्षात त्या तीन क्रिया आहेत : आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे आणि तो परत लिहिणे. समजा ‘एकूण’ 412 आहे. पहिल्या थ्रेडने 412 वाचले. त्याने 413 लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही 412 वाचले. दोघेही 413 लिहितात. पेट्या दोन आल्या, नोंद एकीचीच झाली. थोड्या नोंदींवर पहिला थ्रेड दुसरा जागा होण्याआधीच काम संपवतो, म्हणून गाठ पडत नाही आणि चाचणीत सगळे आलबेल दिसते. या चुका हंगाम ऐन भरात असतानाच उघड होतात त्या यामुळेच.

आता सिंक्रोनाइज्ड, म्हणजे एका कुलपामागे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा शब्द, का चालला नाही ते पाहू. साध्या, म्हणजे स्टॅटिक नसलेल्या मेथडला तो शब्द लावला की ज्या ऑब्जेक्टवर ती मेथड बोलावली त्याचेच कुलूप घेतले जाते. आपले थ्रेडचे ऑब्जेक्ट दोन आहेत, म्हणजे कुलपेही दोन झाली, आणि प्रत्येकाने आपापले कुलूप लावून एकाच आकड्यात हात घातला. कोकण रेल्वेवरील उक्षी आणि भोके यांच्या दरम्यानचा, साडेसहा किलोमीटर लांबीचा कर्बुडे बोगदा डोळ्यांसमोर आणावा. तेथे रूळ एकेरी आहे, आणि दोन्ही दिशांच्या गाड्यांची परवानगी त्या एकाच टप्प्याच्या हिशेबाने दिली जाते म्हणूनच समोरासमोर टक्कर होत नाही. दोन्ही टोकांना प्रत्येकाने फक्त स्वतःची वही पाहून गाडी सोडली, तर वह्या कितीही नीटनेटक्या असल्या तरी उपयोग शून्य. कुलूप हे थ्रेडचे नव्हे, ज्या वस्तूचे रक्षण करायचे तिचे असावे लागते. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो, तरीही परीक्षेत निम्मी मुले चुकतात.

उपाय तीन आहेत. एक सामायिक, स्टॅटिक आणि फायनल ऑब्जेक्ट कुलूप म्हणून ठेवून, मिळवण्याच्या ओळीभोवतीच सिंक्रोनाइज्ड ब्लॉक घालता येईल. फाईल वाचण्याचा भाग त्याच्या बाहेरच ठेवावा, नाहीतर दोन थ्रेड करण्याचा हेतूच बुडतो. किंवा जावा 5 पासून, म्हणजे 2004 पासून उपलब्ध असलेला ‘ॲटॉमिक इंटिजर’ वापरता येईल, ज्यात त्या तिन्ही क्रिया अखंड घडतात. मला स्वतःला तिसरा मार्ग आवडतो : प्रत्येक थ्रेडने आपल्या फाईलच्या पेट्या स्वतःच्याच आकड्यात मोजाव्यात, आणि दोघांवर ‘जॉइन’ केल्यानंतर ‘मेन’ने त्या दोन आकड्यांची बेरीज करावी. थ्रेडने संपण्यापूर्वी लिहिलेले सारे ‘जॉइन’नंतर ‘मेन’ला दिसेलच, अशी हमी जावा देते. जेथे सामायिक काही नाही तेथे कुलूपही लागत नाही. ‘व्होलाटाइल’ लावून भागेल का, असेही आपण पुढे विचारले आहे. भागणार नाही; त्यामुळे ताजा आकडा दिसतो, पण वाचणे आणि लिहिणे यांच्यामधली फट तशीच राहते.

प्रश्न : मालवणला आमचा बर्फाचा कारखाना आहे. शीतगृहाचे तापमान दर 30 सेकंदांनी नोंदवणारा थ्रेड केला आहे, पण ‘बंद करा’ हे बटण दाबूनही तो थांबत नाही. ‘इंटरप्ट’ बोलावले, उपयोग झाला नाही. ‘स्टॉप’ वापरू का?

उत्तर : ‘स्टॉप’ वापरू नये, नव्या आवृत्तीत तो वापरताही येणार नाही. 1998 मध्ये जावा 1.2 आले तेव्हाच तो त्याज्य ठरवला गेला, आणि 2023 च्या जावा 20 पासून तो बोलावल्यास फक्त एक्सेप्शन येते. थ्रेडला मध्येच मारले की त्याच्या हातातली सगळी कुलपे सुटतात आणि अर्धवट बदललेली माहिती इतरांसमोर उघडी पडते, हे त्याचे कारण.

‘इंटरप्ट’ हा हुकूम नसून विनंती आहे. थ्रेड ‘स्लीप’मध्ये असताना ती आली की झोप मोडते आणि ‘इंटरप्टेड एक्सेप्शन’ फेकले जाते. मात्र ते फेकताना विनंतीची खूणही पुसली जाते. आपण पाठवलेल्या प्रोग्राममध्ये अखंड लूपच्या आत ट्राय आहे आणि त्याचा कॅच, म्हणजे एक्सेप्शन पकडणारा भाग, रिकामा आहे. म्हणजे थ्रेडला उठवले, त्याने कूस बदलली आणि तो पुन्हा झोपला. ट्राय लूपच्या बाहेर काढावा, म्हणजे एक्सेप्शन येताच लूप मोडेल. कॅच आतच ठेवायचा असेल, तर त्यात चालू थ्रेडवर पुन्हा ‘इंटरप्ट’ बोलावून खूण परत लावावी आणि लूपची अट ती खूण तपासणारी ठेवावी. काही जण थांबण्याची खूण म्हणून व्होलाटाइल बूलियन (हो-नाही मूल्य) वापरतात. तो योग्यच आहे, पण झोपलेल्याला तो उठवत नाही, आणि बटण दाबल्यावर आपल्याला जवळजवळ 30 सेकंद वाट पाहावी लागू शकते. अशाच एका रिकाम्या कॅचपायी मी एकदा अख्खी रात्र जागलो आहे, तेव्हा आपल्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही.

प्रश्न : (अलिबागहून) महत्त्वाच्या थ्रेडची प्रायॉरिटी 10 केली, तरी तो पुढे जात नाही.

उत्तर : प्रायॉरिटी 1 ते 10 असते, नेहमीची 5, पण ती ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली सूचना आहे आणि ती दुर्लक्षिली जाऊ शकते. कामांचा क्रम महत्त्वाचा असेल तर तो प्रोग्राममध्येच रांग लावून ठरवावा.

प्रश्न : दापोलीत आमची घरगुती निवासव्यवस्था आहे. किनाऱ्याची सुमारे 3,000 छायाचित्रे लहान करण्यासाठी प्रत्येकाला एक थ्रेड दिला, तर संगणक गुदमरला. आभासी थ्रेडने काम होईल का?

उत्तर : या कामासाठी नाही. 64 बिट लिनक्सवर साध्या थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा 1 मेगाबाइट जागा राखली जाते, आणि त्याहून महाग म्हणजे प्रत्येक थ्रेडने एकेक पूर्ण आकाराचे छायाचित्र एकाच वेळी मेमरीत उघडले असणार. सप्टेंबर 2023 च्या जावा 21 पासून रुळलेले आभासी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमऐवजी जावाच सांभाळते असे हलके थ्रेड स्वस्त आहेत, पण त्यांचा लाभ वाट पाहण्याच्या कामात होतो, उदाहरणार्थ नेटवर्कच्या उत्तराची. छायाचित्र लहान करताना प्रोसेसर सतत राबत असतो. प्रोसेसरचे चार गाभे (कोअर) असतील तर हजारो थ्रेड करूनही एका क्षणी राबणारे हात चारच.

म्हणून ‘एक्झिक्युटर्स’कडून, जितके गाभे तितक्या थ्रेडचा ठरावीक पूल घ्यावा आणि 3,000 कामे त्याच्याकडे सोपवावीत, ती रांगेत थांबतील. शेवटी ‘शटडाउन’ बोलावण्यास विसरू नये, कारण पूलमधले थ्रेड जागेच राहतात आणि काम संपूनही प्रोग्राम बंद होत नाही. आणखी एक खाच : ‘सबमिट’ने दिलेल्या कामात एक्सेप्शन आले तर ते पडद्यावर दिसत नाही, परत मिळालेल्या ‘फ्यूचर’मध्ये, म्हणजे कामाच्या निकालाच्या पावतीत, गुपचूप बसून राहते. ते सर्व फ्यूचर एका यादीत साठवून शेवटी प्रत्येकावर ‘गेट’ बोलवावे, म्हणजे कोणते छायाचित्र मुळातच खराब होते ते कळेल.