इंदूरमध्ये आमच्या मंडळाला गरजू घरांसाठी वीजबिल आणि गॅसचं सल्ला केंद्र काढायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

बिलापासून करा. बचतीवर व्याख्यान ठेवू नका. ज्यांच्याकडे एक पंखा आणि दोन दिवे आहेत त्यांना काटकसर शिकवायला जाणं मला पटत नाही. मी रामबागेत राहतो आणि ओळखीच्या घरांची बिलं बरीच वर्षं बघत आलोय.

मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच लागतात. १५० ओलांडले की त्या महिन्याची सवलत सगळीच जाते. म्हणून १४० ते १७० युनिटांच्या मधली घरं आधी शोधा, थोड्या मदतीत तिथे सगळ्यात जास्त फरक पडतो. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. रोज १५ तास धरले तर महिन्याला २० युनिट वाचतात. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला तरी महिन्याला साडेबावीस युनिट जातात. नवा पंखा त्या घरांना परवडत नाही, तेव्हा गणेशोत्सवाच्या वर्गणीतला काही भाग पंख्यांसाठी ठेवा. मांडव थोडा साधा झाला तरी चालेल.

भाडेकरूंचं काम याहून अवघड. एकाच मीटरवर चार खोल्या असल्या की एकूण वापर हमखास १५०च्या वर जातो आणि सवलत कुणालाच मिळत नाही. वीज कायदा २००३च्या कलम ४३प्रमाणे जागेत राहणाराही जोडणी मागू शकतो. पण मालक बिथरला तर खोलीच जायची, म्हणून अर्ज लिहिण्याआधी तुमच्यातल्या कुणी वडीलधाऱ्यानं मालकाशी बोलावं.

थकबाकी असली तरी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे कलम ५६मध्ये आहे. बिलावरच वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीचं बिल, यातलं जे कमी असेल ते निषेध नोंदवून भरावं. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे लोकांना ठाऊकच नसतं आणि ते भीतीपोटी कर्ज काढून बिल भरतात. तक्रार वीज कंपनीच्या १९१२वर करा, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, दाद लागली नाही तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ आहेच.

गॅसमध्ये बहुतेक वेळा उज्ज्वलाची सबसिडी आधार किंवा बँक खात्यापाशी अडलेली असते. एजन्सीत सोबत जा, तेवढं पुरतं.

मला सगळ्यात जास्त काळजी एकट्या राहणाऱ्या आज्यांची वाटते. बिलाच्या धास्तीनं त्या मे महिन्यातसुद्धा दुपारी पंखा बंद ठेवतात, आणि "गरजूंसाठी" अशी पाटी असलेल्या केंद्रात कधीच पाऊल टाकत नाहीत. त्यांच्याकडे मंडळातल्या बायकांनी घरी जावं, हळदीकुंकवाच्या ओळखीनं. आणि गेल्यावर मागची सहा बिलं मागून घ्यावीत, एकट्या बिलावरून काही कळत नाही.