ट्रॅक्टरवर जनरेटर बसवताना : वाचकांचे प्रश्न, उद्यमनगरातून उत्तरं

प्रश्न : माझ्याकडं २२ म्हशी आणि ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. लाईटचा भरवसा नाही म्हणून १५ केव्हीएचा जुना अल्टरनेटर घेतलाय. थ्री फेज, १५०० आरपीएमचा, पट्ट्यावर चालणारा. त्यावर विहिरीची ५ एचपीची मोटार, ३ एचपीची कडबाकुट्टी, दीड एचपीचं दूध काढायचं मशीन आणि दोन घरं चालवायची आहेत. गावातला फिटर म्हणतो, दोन ओंडक्यांवर ठेवू, मागनं शाफ्ट जोडू, वायर मीटरच्या पुढं मेनला देऊ. लाईट गेली की मेन पाडायची आणि ट्रॅक्टर चालू करायचा. एवढ्यावर भागेल का? आणि बेड करून कायमचा बसवू, की उचलता येईल असा?
— एक दूध उत्पादक, शिरोळ तालुका

उत्तर : उचलता येईल असाच बसवा. तुमचा तालुका शिरोळ आहे, एवढं कारण मला पुरे. २०१९ च्या पाण्याची खूण अजून तुमच्या गोठ्याच्या भिंतीवर असेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे तुमच्याकडच्या पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी उतरल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या दुकानापुढं चिखलानं भरलेल्या मोटारी आणि अल्टरनेटर रांगेनं ठेवले होते. जमिनीत बोल्टनं जखडलेलं यंत्र बिचारं जागेवरच बुडतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत लाईट नसते, म्हशी उंचावर नेलेल्या असतात आणि जनरेटर तिथं हवा असतो.

पण उचलता येईल असा म्हणजे हायड्रॉलिकवर लोंबकळत चालवायचा, असं नव्हे. चॅनेलची एक भक्कम फ्रेम करून घ्या. अल्टरनेटर तिच्यावर, आणि मोठ्या पुलीचा मधला शाफ्टही दोन प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंगच्या बैठकीत) धरून तिच्यावरच. पट्टे या दोघांमध्येच राहिले पाहिजेत, म्हणजे ट्रॅक्टर चार बोटं इकडंतिकडं लागला तरी पट्ट्याची ओळ बिघडत नाही. फ्रेमला पुढून थ्री पॉइंटच्या पिना आणि खालून चार पाय. हे सगळं तीनशे किलोच्या आसपास भरेल, तुमचा ट्रॅक्टर सहज उचलेल. चालवताना मात्र फ्रेम पायांवर टेकलेली हवी, आणि घरच्या जागी ते पाय काँक्रीटमधल्या बोल्टला आवळलेले हवेत. गोठ्याजवळ एक ओटा आणि जिथं म्हशी हलवता तिथं दुसरा, असे दोन ओटे करून ठेवलेत तर उत्तम.

ओंडक्यांना माझा साफ विरोध आहे, आणि त्यामागं हिशेब आहे. १५ केव्हीए म्हणजे साधारण १२ किलोवॅट. अल्टरनेटरनं ते पूर्ण द्यायचे तर पट्टे आणि वाइंडिंगमधली घट धरून शाफ्टवर १५ किलोवॅट घालावे लागतात. ट्रॅक्टरचा मागचा फिरता शाफ्ट, म्हणजे पीटीओ, ५४० आरपीएमनं फिरतो; त्या वेगाला याचा पीळ साधारण २७ किलो-मीटर होतो. एक मीटर लांबीची पहार नटात अडकवायची आणि तिच्या टोकाला २७ किलोचं पोतं टांगायचं, एवढी ताकद फ्रेमला सतत एका अंगावर उलथवायला बघत असते. मोटार चालू होते त्या क्षणाला तर याच्या दुपटीनं हिसका बसतो. ओंडका कधी सरकेल ते सांगता येत नाही, आणि सरकला की शाफ्ट वाकडा होतो, क्रॉस (शाफ्टचा सांधा) तुटतो आणि तुटलेला शाफ्ट मोकळा फिरायला लागतो.

पुलीचं गणित सोपं आहे. १५०० ला ५४० नं भागलं की २.७८ येतात. अल्टरनेटरला ६ इंची पुली असेल तर मधल्या शाफ्टला पावणेसतरा इंची लागते; पट्टा थोडा घसरतो, म्हणून १७ इंची घ्या. पट्टे सगळे एका मापाचे, आणि बदलायची वेळ आली की सगळे एकदम. एक नवा आणि तीन जुने असले की सगळा भार नव्यावर येतो. पुली आणि पट्ट्यांवर जाळीचं झाकण हवंच. पीटीओचा शाफ्ट शक्यतो सरळ ठेवा, कोन १५ अंशांच्या आत. दोन नळ्या एकमेकींत किमान तिसरा हिस्सा शिरलेल्या असाव्यात; पण पूर्ण शिरून टेकता कामा नयेत, नाहीतर शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंगच ढकलतो. एकदा जागा नीट जुळली की मागच्या चाकांच्या रेषेवर ओट्यापुढं पांढरा रंग मारून टाका. रात्री दोन वाजता लाईट गेल्यावर त्या दोन रेषा किती कामाला येतात, ते तुम्हीच मला कळवाल.

ताकदीची काळजी नको. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर ३८ च्या आसपास एचपी मिळतात आणि एका किलोवॅटला पीटीओचे २ एचपी धरतात, म्हणजे १२ किलोवॅटला २४ लागले. खरी ओढाताण सुरुवातीच्या करंटची असते. तुमची ५ एचपीची मोटार चालताना साडेसात अँपियर घेते, पण साध्या स्टार्टरवर उठताना सहापट, म्हणजे ४५. अल्टरनेटरची पूर्ण कुवतच २१ अँपियर आहे. म्हणून विहिरीची मोटार सगळ्यात आधी, बाकी काही चालू नसताना उठवायची. मग दूध मशीन, मग घरं. चौघंही एकदम चालवलीत तर साडेदहा किलोवॅटपर्यंत जाल. बसेल, पण अंगाला घट्ट बसेल. कुट्टी विहिरीची मोटार बंद असताना चालवा.

आता मीटरच्या पुढं मेनला वायर द्यायचं बोलू. माझं कळकळीचं सांगणं आहे, हे करू नका. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसणं हाही त्यातलाच प्रकार. ‘मेन पाडली की झालं’ हा सगळा भरवसा माणसाच्या आठवणीवर आहे. पावसात, अंधारात, घाईत एकदा मेन पाडायची राहिली की तुमचे ४१५ व्होल्ट उलटे लाइनवर जातात. डीपीमध्ये, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, ११,००० व्होल्टचे ४३३ होतात. उलट बाजूनं तुमचे ४१५ घुसले की वरच्या तारांवर साडेदहा हजार उभे राहतात. ‘सगळ्या गावाचा लोड येऊन जनरेटर दबेल की’ असं लोक म्हणतात. पण वायरमननं वरचा स्विच खोललेला असतो किंवा फ्यूज काढलेले असतात, त्यामुळं पुढं लोड फारसा नसतो आणि व्होल्टेज टिकून राहतं. तो माणूस लाइन मेली असं समजून खांबावर चढतो.

२०१९ ला पाणी ओसरल्यावर मी तुमच्याच भागात मोटारी वाळवायला गेलो होतो. डीपी बंद करून एक वायरमन पोलपाशी आला. चढण्याआधी सवयीनं त्यानं टेस्ट लॅम्प लावला आणि दिवा पेटला. पन्नाशीचा माणूस, खाकी पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. त्यानं दिवा काढला, पुन्हा लावला, पुन्हा पेटला. कुठूनतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तीन घरं पलीकडं एका पडवीत सेट चालू होता, मेनला थेट जोडलेला. मालक चांगला माणूस, शेजारच्या म्हातारीच्या घरालाही त्यानं लाईट दिली होती. वायरमन काही बोलला नाही. कट्ट्यावर बसला आणि पाणी मागितलं. तांब्या धरलेला त्याचा हात थरथरत होता. त्याच्या सवयीनं तो वाचला. तुमच्या गावच्या वायरमनचा जीव त्याच्या सवयीवर सोडू नका.

उपाय महागडा नाही. मीटरनंतर चार पोलचा चेंजओव्हर बसवा. तीन फेज आणि न्यूट्रल, चारही बदलणारा. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे बंद. दोन्ही एकदम जोडले जाणंच शक्य नसतं, मग आठवण राहो न राहो. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि महावितरणच्या शाखेत तसं लेखी कळवा. चेंजओव्हर बसला की फेजचा क्रम एकदा तपासा. क्रम उलटा असेल तर मोटार उलटी फिरते. पंप आवाज करतो, पाणी मात्र नावाला येतं, आणि लोक फूटव्हॉल्व्ह काढून बसतात. जनरेटरकडच्या कुठल्याही दोन फेज अदलाबदल केल्या की काम झालं.

अर्थिंगशिवाय चालवू नका. ट्रॅक्टर रबराच्या चाकांवर उभा असतो, त्याच्या जिवावर अर्थ मिळत नाही. फ्रेमला दोन आणि न्यूट्रलला दोन अशा वेगळ्या अर्थिंग द्या. अडीच मीटरचा जीआय पाइप, मीठ-कोळसा, नेहमीची पद्धत. घराच्या आणि गोठ्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) लावा. जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर फेज बॉडीला लागली तरी करंटला परतीची वाट मिळत नाही आणि आरसीसीबी पडत नाही. लोक पैसे घालतात आणि नेमकी ही जोडणी विसरतात. गोठ्याची फरशी सदा ओली, आणि जनावराला आपल्यापेक्षा कमी व्होल्टचा झटका जाणवतो. म्हैस धारेला उभी राहीना झाली तर आधी अर्थिंग बघा.

चालवताना फ्रीक्वेन्सीचा मीटर डोळ्यापुढं ठेवा. ट्रॅक्टर हलक्या रेसवर असताना पीटीओ लावायचा, मग हँड ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवत ५२ हर्ट्झला आणायचा. मगच चेंजओव्हर फिरवायचा. मगच चेंजओव्हर फिरवायचा. बंद करताना आधी लोड काढायचा, मग रेस कमी करायची. लोड तसाच ठेवून रेस उतरवली तर व्होल्टेज धरून ठेवायला एव्हीआर रोटरमध्ये जास्त करंट ढकलतो आणि वाइंडिंग तापतं. माझ्याकडं जळून येणाऱ्या अल्टरनेटरमध्ये हे कारण मला वारंवार दिसतं.

ट्रॅक्टर उघड्यावर उभा करा, सायलेन्सरचा धूर गोठ्यात किंवा घरात शिरणार नाही असा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना मागंपुढं दगड. आसपास पाचट किंवा कडब्याची गंज नको. कुट्टीचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो, तो रोज झाडा.

प्रश्न : आमच्या जनरेटरच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं. मालकांनी त्यावर पोतं गुंडाळून सुतळीनं बांधलंय. ते कामावर गेल्यावर सेट मीच चालू करते. पोत्यानं चालेल का?
— एक गृहिणी, करवीर तालुका

उत्तर : ताई, हे पत्र वाचल्यावर मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. आजच्या आज ते पोतं सोडा आणि नवं कव्हर येईपर्यंत सेट लावू नका.

५४० आरपीएम म्हणजे एका सेकंदाला ९ फेरे. शाफ्ट मनगटाएवढा जाड धरला तरी एका फेऱ्यात वीतभराच्या आसपास कापड गुंडाळतो, म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या वर. तुमचा पदर सव्वा मीटरचा. तो अडकल्यापासून तुमच्या खांद्याला ओढ बसेपर्यंत एक सेकंदही मिळत नाही, तेवढ्यात तोंडातून हाकसुद्धा निघत नाही. पोतं तर शाफ्टबरोबरच फिरतं आणि त्याची सुतळी सुटली की समोर येईल त्याला पकडते. उघड्या शाफ्टपेक्षा ते जास्त वाईट.

कंपनीच्या कव्हरची गंमत अशी की शाफ्ट आत फिरतो आणि कव्हर जागेवर उभं राहतं. त्याला एक बारीक साखळी असते, ती ट्रॅक्टरला अडकवायची असते. ती नसेल तर कव्हरही फिरायला लागतं. नवं घेताना आपल्या शाफ्टची लांबी मोजून घ्या. इंजिन बंद असताना हातानं फिरवून बघा, कव्हर सुटं फिरलं पाहिजे. साखळी लावल्यावर ते हललं नाही पाहिजे.

पदर खोचून, वेणी बांधून, ओढणी-टॉवेल काढूनच जवळ जायचं. शाफ्ट फिरत असताना तो ओलांडायचा नाही, खालून वाकून जायचं नाही, पोरांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. आणि मालकांकडून ट्रॅक्टरच्या स्टॉपचा नॉब कुठं आहे ते शिकून घ्या. डोळे मिटून हात तिथं गेला पाहिजे, इतक्यांदा ओढून बघा. घरात अजून एका माणसाला तो दाखवून ठेवा.

प्रश्न : आमचं रान जांभ्याचं आहे, राधानगरीच्या बाजूला. अर्थिंगचा पाइप पुरला, पण उन्हाळ्यात जनरेटरच्या फ्रेमला मुंग्या येतात.
— एक शेतकरी

उत्तर : मुंग्या येतात म्हणजे दोन गोष्टी बिघडल्यात. कुठंतरी करंट बॉडीवर उतरतोय आणि अर्थिंग तो खाली नेत नाही. सेट बंद ठेवून आधी अल्टरनेटर आणि मोटारींचं मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायची चाचणी) करून घ्या. एक मेगाओहमच्या खाली आलेलं वाइंडिंग वाळवल्याशिवाय किंवा भरल्याशिवाय जोडू नका.

जांभ्यात पाणी टिकत नाही. एका पाइपनं भागलं नाही तर दोन-तीन पुरा, पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, आणि जीआय पट्टीनं एकमेकांना जोडा. खड्ड्यात जांभ्याचाच मुरूम परत ढकलू नका, ओढ्याकाठची काळी माती आणून भरा. उन्हाळ्यात दर दोन-चार दिवसांनी पाइपात बादलीभर पाणी ओता. आणि अर्थचं माप मे महिन्यात घ्या. जुलैत घेतलं तर तुमच्याकडच्या पावसात जांभा भिजलेला असतो, मीटर चांगलाच आकडा दाखवेल.