भोसरीतली हत्यारं मिशिगनला आणायची का, त्याबद्दल

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरमध्ये कंपनीतर्फे मिशिगनला येताय, बायको आणि अकरा वर्षांचा मुलगा बरोबर आहेत, भोसरीच्या शेडमधलं पिलर ड्रिल, ग्राइंडर, वाइस, बाकीची हत्यारं हे सगळं कंटेनरमध्ये टाकावं की विकावं, आणि इथे घराला गॅरेज असतं तर त्यात वर्कशॉप लावता येतं का. व्हिसा, सोशल सिक्युरिटी, लायसन्स यातलं मी काही लिहीत नाही, ते सरकारी साइटवर आहे आणि कंपनीचा वकील सांगेलच. मी मूळचा चिंचवडचा, फिक्स्चर डिझाइनमध्ये आहे, डेट्रॉइटजवळच्या नोव्ही गावाशेजारी राहतो, बरीच वर्षं झाली. आम्ही आलो तेव्हा हे विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर जेवण झालं की लगेच लिहायला बसलो.

आधी विजेचं. इथे साध्या प्लगला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिकडचा २३० चा हँड ड्रिल किंवा अँगल ग्राइंडर लावला तर फिरेल, पण दम नाही. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ग्राइंडरचा लोड घेणारा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो आणि तेवढ्या खटपटीत इथे नवा ग्राइंडर येतो. त्यामुळे हातातलं विजेचं काही आणू नका. बॅटरीवाल्या टूल्सच्या चार्जरवर १००-२४० लिहिलंय का बघा, तिकडचे बरेचसे फक्त २२०-२४० चे असतात. पिलर ड्रिलचं वेगळं आहे. घराच्या पॅनलमध्ये २४० व्होल्ट असतात, कपडे वाळवायचं मशीन बरेचदा त्यावरच चालतं, त्यामुळे सिंगल फेज इंडक्शन मोटर चालू शकते, फक्त ५० चे ६० हर्ट्झ झाल्यामुळे १४४० आरपीएमची मोटर १७०० च्या वर पळते, ते बेल्ट दुसऱ्या पुलीवर टाकून सांभाळता येतं. थ्री फेज असेल तर अवघड, घरांना इथे थ्री फेज येत नाही, मग सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा व्हीएफडी ड्राइव्ह आला, वायरिंग आलं, एवढं करून पिलर ड्रिलच ना.

मग आटे. गाड्या इथेही मेट्रिकच, तुमचे पाने-सॉकेट चालतील. पण घर, दरवाजे, कपाटं, हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट सगळे इंचात. त्याची भीती नको, आपला सुतारही अजून फूट, इंच आणि सुतातच बोलतो. त्रास होतो तो सारख्या दिसणाऱ्या गोष्टींचा. एम ६ चा बोल्ट आणि पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा बोल्ट शेजारी ठेवले तर चटकन ओळखू येत नाहीत, एकाचा दुसऱ्यात अर्धा फेरा जातो आणि अडकतो, जोर लावला की आटे गेले. पाइपचं तर फारच फसवं आहे, तिकडे आट्यांचं माप बीएसपी (ब्रिटिश) आणि इथे एनपीटी (अमेरिकन), अर्धा इंची दोन्हीला इंचाला १४ आटे, पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, त्यामुळे बसल्यासारखं वाटतं आणि नंतर गळतं. तेव्हा नट-बोल्टचे डबे, टॅप-डाय, नळाचं सामान तिकडेच देऊन टाका. लाकडात टू-बाय-फोर म्हणतात ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, ड्रॉइंग करताना तेच धरा.

आणायचं काय? व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज ही मोजायची साधनं, राइट अँगल, तुमच्या हाताला बसलेल्या कानशी-पटाश्या, टापरियाची पक्कड. म्हणजे बॅगेत मावेल तेवढं, आणि चेक-इन बॅगेत, हातातल्या नको. वाइस आणणारच असाल तर खोका फळ्या ठोकून घरी बनवू नका. लाकडातून कीड येऊ नये म्हणून लाकडी पॅकिंगवर आयएसपीएम १५ या नियमाचा हीट ट्रीटमेंटचा शिक्का लागतो, तो नसला तर माल बंदरात अडकतो आणि मग रोज भाडं चढत राहतं.

हे झालं सामानाचं. पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे.

भोसरीत तुमच्याकडे जागा किती? दहा बाय बारा? तरी तुमचं काम अडत नाही, कारण चार शेड सोडून टर्नर आहे, पलीकडे वेल्डर आहे, कोपऱ्यावर हीट ट्रीटमेंटवाला आहे. बुश (शाफ्टवर बसणारी छोटी नळी) हवा असला की चहा सांगायचा, समोर उभं राहायचं, दहा मिनिटांत हातात बुश. काही सापडलं नाही तर पुण्यातली बोहरी आळी, तिथेही नाही तर रविवारी जुना बाजार. इथे दोन गाड्यांचं गॅरेज मिळतं, आपल्या कित्येक वनबीएचकेएवढं, आणि त्यात तुम्ही एकटे. एका बुशसाठी मशीन शॉपकडे गेलात तर आधी मिनिमम चार्ज सांगतात, मग दोन आठवडे. म्हणून माणूस लेथ घेतो. वेल्डर बोलावणं परवडत नाही म्हणून वेल्डिंग मशीन घेतो. इथल्या गॅरेजांतून एवढी मशीन दिसतात ती यामुळेच, प्रत्येक मशीनच्या जागी आपल्याकडे एक माणूस होता. मला हे समजायला वेळ लागला आणि समजल्यावर त्रास जास्त झाला. आठ बाय चारची प्लायची शीट टेबल सॉवर ढकलताना मागून धरायला कुणी नसतं, रोलर स्टँड घ्यावा लागतो. तो स्टँड घेतला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, बायकोला कारण सांगितलं तर तिला आधी कळेचना, नंतर ती पण गप्प बसली.

असो. गॅरेजकडे येतो. अपार्टमेंट घेतलंत तर गॅरेज बहुतेक वेगळं भाड्याने, दिव्यापुरती वीज, आणि करारात लिहिलेलं असतं की वर्कशॉप चालणार नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायचं तरी विचारायचं. स्वतःचं घर झालं तरी गॅरेजला बरेचदा एकच १५ ॲम्पिअरची लाइन, म्हणजे १८०० वॉट, आणि त्यावरच दिवे, दरवाज्याची मोटर, कधी बाहेरचा प्लगही. सॉ आणि व्हॅक्युम एकत्र लावलं की ट्रिप.

मला २४० ची एक लाइन ओढायची होती. स्वतः राहत्या घरात घरमालकाला परमिट काढून हे काम करता येतं, आणि आपण इंजिनिअर, केबल, ब्रेकर, अर्थिंग काही नवीन नाही. फॉर्म भरला, परत आला, पॅनलचा फोटो हवा. दिला. लोड कॅल्क्युलेशन हवं. दिलं. मग इन्स्पेक्टर येणार त्या दिवशी रजा घेऊन घरी बसलो, आला नाही, नवीन तारीख, परत रजा. परमिट ऑफिसमधल्या बाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या इलेक्ट्रिशियन का नाही लावत. ज्या माणसाने आयुष्यभर हाताने काम केलं त्याला ते ऐकून काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. काम पास झालं पहिल्या फटक्यात, पण राग अजून आहे. तरीही परमिट काढाच, आग लागली तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतील.

थंडीचं नीट ऐका, कारण तुम्ही नोव्हेंबरलाच येताय. गॅरेजला हीटिंग नसतं. जानेवारीत उणे पंधरा होतं. लाकडाचा गम साधारण दहा अंशांच्या खाली नीट धरत नाही, बाटली गोठली तर फेकायची. लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, चार्जर घरात ठेवा. गाडी बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ घेऊन आत येते, ते फरशीवर वितळतं, आणि त्याच गॅरेजमध्ये तुमच्या सॉचं बिडाचं टेबल. सगळ्यात वाईट दिवस मार्च-एप्रिलमधले, बाहेर एकदम उबदार दमट हवा आणि लोखंड अजून गारठलेलं, दार उघडलं की बिडावर पाणी सुटतं, दुसऱ्या दिवशी तांबूस थर. पेस्ट वॅक्स लावून ठेवा.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवायची नाही, प्रोपेन किंवा केरोसिनचा हीटर पेटवायचा नाही, अगदी पाच मिनिटं सुद्धा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गॅरेजला लागून घर असतं, आत झोपलेल्या माणसांपर्यंत जातो. डिटेक्टर लावा. आणि दरवाज्याच्या वर जी जाडजूड स्प्रिंग असते तिला हात लावू नका. तुम्ही स्प्रिंगा बघितल्या असतील हजार, तरी नाही. तिथे पैसे देऊन माणूस बोलवा.

खरेदी नवीन करू नका. डेट्रॉइटच्या आसपास टूल अँड डाय मेकर, म्हणजे कारखान्यांचे साचे-डाय बनवणाऱ्या लोकांच्या पिढ्या होत्या, ते आता जातायत, आणि त्यांच्या घरी इस्टेट सेल लागतात, म्हणजे माणूस गेल्यावर घरातलं सामान घरीच विकायला काढतात. एका बेसमेंटमध्ये मला लाकडी टूल चेस्ट मिळाली, कप्प्यांना आतून हिरवं फेल्ट, स्टॅरेट या जुन्या अमेरिकन कंपनीचे मायक्रोमीटर आपापल्या खाचेत, आणि प्रत्येक फ्रेमवर दोन अक्षरं कोरलेली, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तशी. ज्या आजोबांची ती चेस्ट, त्यांची मुलगी विकत होती. किंमत करायच्या आधी तिने विचारलं, तुम्ही वापरणार की परत विकणार. वापरणार म्हटल्यावर तिने सरफेस गेज (जॉबवर रेघ आखायचं साधन) तसाच दिला, वर म्हणाली बाबा याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी आजही काम झालं की ते पुसूनच ठेवतो. पण माझ्या मनात येतं की चिंचवडला माझ्या वडिलांची हत्यारं जिन्याखाली आहेत ती कोण घेणार, आणि घेताना त्याला कुणी काही विचारेल का.

मुलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. शाळेत नाव घालताना फॉर्मवर विचारतात घरी कोणती भाषा बोलता. आम्ही मराठी लिहिलं, कारण बोलतोच. मुलगी चिंचवडला पहिल्यापासून इंग्लिश मीडियममध्ये. तिची लगेच परीक्षा घेतली, झोप झालेली नाही, पोर गप्प, बोलण्याच्या भागात मार्क गेले, आणि तिला इंग्लिश शिकवायच्या वर्गात टाकलं. तो वर्ग कुठल्या तासाला? इलेक्टिव्हच्या, म्हणजे आवडीने निवडायच्या विषयाच्या. आणि तिने इलेक्टिव्ह घेतलं होतं वुड शॉप. माझ्या वडिलांच्या शेडमध्ये रंधा धरायला शिकलेली मुलगी, आणि तिच्या वर्गातली मुलं पक्ष्यांची घरटी बनवून घरी नेत होती तेव्हा ही फळ्यावरचे शब्द वाचत होती. पालकांना लेखी नकार देता येतो हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही, दुसऱ्या एका आईकडून कळलं, तोवर वर्ष गेलं होतं. मुलगी विसरली असेल, मी नाही विसरलो. तुम्ही फॉर्मवर खरं तेच लिहा, भाषा लपवू नका, पण परीक्षा दोन-चार दिवस पुढे मागा, निकाल लेखी मागा, आणि तो तास कशाच्या जागी जाणार ते आधीच विचारा.

पैशाचंही एक. तुम्ही तिकडे संध्याकाळी जॉब वर्क करता असं दिसतंय. एच-वनबीवर आलात तर इथे ते बंद, व्हिसा ज्या कंपनीचा तिच्याशिवाय दुसऱ्याकडून कामाचे पैसे घेता येत नाहीत. शेजाऱ्याने माझ्याकडून रॅक बनवून घेतला, पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. माझ्या वडिलांनी एका शेडवर घर चालवलं, आणि मला एक स्टूल विकता येत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात, ती सगळी या अशा गोष्टींत जातात.

एकटेपणाला इलाज म्हणाल तर मेमध्ये थंडी सरली की गॅरेजचा दरवाजा पूर्ण वर करून काम करा. बंद दारावर कुणी येत नाही, उघडं दिसलं की कुत्रा फिरवणारा थांबतो, काय बनवताय विचारतो. फर्नडेलला आयथ्रीडेट्रॉइट आहे, ॲन आर्बरला मेकर वर्क्स, ही सगळ्यांनी मिळून वापरायची वर्कशॉप, तिथे मेंबर होता येतं, मशीनही वापरायला मिळतात आणि माणसंही भेटतात. आणि ऑगस्टमध्ये मंडळाच्या गणपतीचं मखर. आमच्या गॅरेजमध्ये प्लायचं घडीचं मखर आहे, बिजागऱ्यांवर उघडतं, दरवर्षी कमान नवी. त्या दोन-तीन शनिवारी आठ-दहा माणसं असतात, शीट धरायला चौघं धावतात, कुणीतरी पोहे आणतं, मुलगी जिगसॉ कुणाला देत नाही. वर्षभर मी त्या शनिवारांची वाट बघतो. उरलेलं वर्ष तसंच आहे, ते तुमच्यापासून लपवत नाही.

तर पहिली थंडी काही लावू नका, घराच्या गडबडीतच जाईल. वाइस आणि ग्राइंडर शेजारच्या टर्नरला द्या, तो वापरेल. पिलर ड्रिलच्या मोटरच्या नेमप्लेटचा फोटो पाठवा, फेज आणि एचपी वाचता येईल असा, मग आणायचं की नाही ते सांगतो.