अलाइनरची ‘रिफाइनमेंट’ आणि वरचे पस्तीस हजार

प्रश्न : पुण्यात नोकरीला असताना जून २०२४ मध्ये तिथल्या एका दवाखान्यात पारदर्शक अलाइनरची (दात सरळ करणाऱ्या प्लॅस्टिकच्या खोळींची) ट्रीटमेंट सुरू केली. १,६०,००० रुपये ठरले, त्यातले १,४०,००० भरले. ‘सगळं यात आलं, वेगळं काही लागणार नाही’ असा डॉक्टरांचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. वरचे २२ आणि खालचे १८ सेट संपले, तरी वरचा एक सुळा फिरलेलाच आहे आणि त्याच्या शेजारी फट आहे. आता रिफाइनमेंटसाठी, म्हणजे राहिलेले दात नव्या सेटने नीट करण्यासाठी, १२ सेट, त्याचे ३५,००० आणि दर भेटीचे १,००० वेगळे मागत आहेत. मी सही केलेल्या संमतीपत्रात ‘गरजेनुसार रिफाइनमेंटचे शुल्क लागू शकते’ अशी ओळ आहे. शिवाय डॉक्टर म्हणतात, तुम्हीच रोज २२ तास घातले नाहीत. मी आता नाशिकला परत आले आहे. पैसे द्यावेच लागतील का?

उत्तर : मागितले म्हणून लगेच देऊ नका, आणि देणार नाही म्हणून ट्रीटमेंटही अर्धवट सोडू नका. तुमची बाजू बरी आहे. ती टिकवायची असेल तर हे भांडण फीचं ठेवा, निष्काळजीपणाचं करू नका. ‘डॉक्टरांनी दात बिघडवले’ असं एकदा लिहिलंत की उपचार चुकला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते आणि त्यासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं. ‘ठरलेल्या रकमेत जे येत होतं त्याचेच पुन्हा पैसे मागितले’ एवढंच म्हटलंत तर पावत्या, मेसेज आणि केसपेपर यांवर काम भागतं.

रिफाइनमेंट ही काही अनपेक्षित आपत्ती नाही. एक अलाइनर दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो, पण संगणकावर दाखवलेली प्रत्येक हालचाल तोंडात तशीच होत नाही. अलाइनरची अचूकता मोजणाऱ्या २००९ च्या एका अभ्यासात सरासरी ४१ टक्के आणि २०२० च्या अभ्यासात सुमारे ५० टक्के हालचाल ठरल्याप्रमाणे झालेली दिसली. त्यातही गोल बुंध्याचा सुळा फिरवणं सगळ्यांत अवघड, कारण त्यावर प्लॅस्टिकची पकड बसत नाही. म्हणून तर त्यावर कंपोझिटची बटणं, म्हणजे अटॅचमेंट, लावतात. तुमचा नेमका सुळाच राहिला आहे. म्हणजे पुन्हा स्कॅन आणि नवे सेट लागण्याची शक्यता डॉक्टरांना पहिल्या दिवशीच ठाऊक असणार. दंतवैद्यकांच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेनुसार फी उपचारापूर्वी सांगायची असते, उपचार सुरू झाल्यावर नाही. तुमचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच आहे.

कच्चा दुवा म्हणजे संमतीपत्रातली ती ओळ. दवाखाना म्हणेल, सही तुमचीच आहे. पण ओळ नीट वाचा : ‘लागू शकते’. किती, कशासाठी, कोणत्या परिस्थितीत, यातलं काहीच त्यात नाही. छापील फॉर्मातली संदिग्ध अट ती लिहिणाऱ्याच्या विरोधात वाचली जाते. आता मेसेजची आणि सहीची तारीख शेजारीशेजारी लिहून पाहा. मेसेज सहीनंतरचा असेल तर उत्तमच. आधीचा असेल तर दवाखाना म्हणेल की शेवटचा शब्द फॉर्मचा. तेव्हा पावत्या काढा. त्यांवर ‘संपूर्ण ट्रीटमेंट’ किंवा ‘पॅकेज’ असं लिहिलं असेल तर तुमचं पारडं पुन्हा जड होतं. मात्र फॉर्ममध्ये किंवा दरपत्रकात रिफाइनमेंटचा आकडा स्पष्ट छापलेला निघाला, तर तुमची केस बरीच पातळ होते. तशा वेळी तडजोड करावी, असं माझं मत आहे.

पस्तीस हजारांचा एक ढोबळ आकडा मान्य करू नका. फोड लेखी मागा : नवा स्कॅन व आराखडा, कंपनीचा सेटचा खर्च आणि डॉक्टरांच्या भेटी. अलाइनर कंपन्यांची वेगवेगळी पॅकेजं असतात. काहींत ठरावीक मुदतीपर्यंत ज्यादा सेट दवाखान्याला पुन्हा पैसे न देता मिळतात, तर छोट्या पॅकेजमध्ये त्यांची संख्या मर्यादित असते. म्हणून पॅकेजचं नाव, केस नंबर आणि मुदत संपण्याची तारीख विचारा, आणि कंपनीलाही तोच केस नंबर देऊन ई-मेल करा. ‘कंपनी पैसे मागते’ असं तुम्हाला सांगितलं आणि प्रत्यक्षात कंपनी काहीच घेत नसेल, तर ती दिशाभूल अनुचित व्यापारी प्रथेत बसते. डॉक्टरांना स्वतःच्या वेळेचे पैसे मागता येतात, पण ते आधी सांगितलेले हवेत. आणि एखादा सेट तुमच्याकडून हरवला असेल तर त्याचे पैसे तुम्ही द्यायला हवेत, त्यावर वाद घालू नका.

‘२२ तास घातले नाहीत’ हा बचाव नेहमीचा आहे. तो खरा की खोटा, हे केसपेपर सांगतो. अलाइनर नीट घातला जात नसेल तर दाताची कड आणि प्लॅस्टिक यांच्यात पोकळी दिसते. प्रत्येक भेटीत डॉक्टर तीच बघतात. समजा केसपेपरवर ‘सेट १२, फिटिंग ठीक, पुढचे ४ दिले’ अशी नोंद आहे आणि पुढच्या भेटींतही तसंच आहे. मग बाविसाव्या सेटनंतर अचानक तुमचा दोष कसा निघाला? उलट ‘सेट ९, पोकळी, रुग्णाला समज दिली’ असं दोनतीनदा लिहिलं असेल तर तुमचा मुद्दा डळमळतो. तिसरीही शक्यता तपासा. सुळ्यावरचं बटण निघालं होतं का? ते किती दिवसांनी बसवलं? आराखड्यात दातांच्या मधलं घासणं, म्हणजे आयपीआर, सांगितलं होतं ते झालं का? तसं निघालं तर रिफाइनमेंटचं कारण दवाखान्याकडेच राहतं.

म्हणून पहिलं पत्र पैशांचं नाही, नोंदींचं लिहा. केसपेपर, ओपीजी (पूर्ण जबड्याचा) व सेफ (बाजूने काढलेला डोक्याचा) हे एक्स-रे, फोटो, सुरुवातीच्या स्कॅनची एसटीएल (थ्रीडी) फाइल, सेटची संख्या, बटणं आणि आयपीआर दाखवणारा मूळ आराखडा, सही केलेल्या संमतीपत्राची प्रत. दंतवैद्यकांच्या त्याच आचारसंहितेत मागणीनंतर ७२ तासांत नोंदी देण्याची तरतूद आहे आणि नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायच्या असतात. तुमची सुरुवात जून २०२४ ची, तेव्हा उशीर करू नका.

दरम्यान शेवटचा सेट डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घालत राहा. तो काढून ठेवलात तर दात मागे सरकतात, स्कॅन जुना होतो आणि ‘नुकसान रुग्णानेच वाढवलं’ म्हणायला जागा मिळते. करार कायद्यातही नुकसान कमी ठेवण्याचा प्रयत्न पीडित पक्षाकडून अपेक्षित असतो. घाई असेल तर पैसे भरून काम सुरू करा, पण भरण्याआधी हा मेसेज पाठवा : ‘ठरलेल्या १,६०,००० मध्ये रिफाइनमेंट येते असे माझे म्हणणे आहे. उपचार खंडित होऊ नये म्हणून ३५,००० रुपये हरकत राखून भरत आहे. परताव्याचा माझा हक्क अबाधित आहे.’ पावती त्याच रकमेची आणि ‘रिफाइनमेंट’ असं लिहिलेलीच घ्या. राहिलेले २०,००० अडवून धरू नका. ‘नवे सेट हातात आले की भरते’ असं लेखी कळवा. हप्ते फायनान्स कंपनीकडून असतील तर ते अजिबात चुकवू नका. ते कर्ज स्वतंत्र आहे आणि फटका तुमच्या सिबिलला बसेल.

यानंतर १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने आणि ई-मेलने पाठवा. वकील लागतोच असं नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेचसे दवाखाने इथेच आकड्यावर येतात. नाही आले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते. पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल करता येतं. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पैसे पहिल्यांदा मागितल्याची तारीख धरा. नोटीस पाठवल्याने ही मुदत वाढत नाही.

तक्रारीत ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढंच म्हणा. संमतीपत्राची अट ‘अन्यायकारक करार’ ठरवा अशी मागणी घालू नका, कारण त्याचा अधिकार कायद्याने जिल्हा आयोगाकडे नाही, त्यावरच्या राज्य आयोगाकडे दिला आहे आणि अधिकारक्षेत्राच्या वादातच महिने जातील. मागणी नेमकी ठेवा : भरलेले ३५,००० व्याजासह परत, किंवा भरले नसतील तर ठरलेल्या रकमेत काम पूर्ण, शिवाय त्रासाबद्दल वाजवी भरपाई आणि खर्च. पाच लाखांचा आकडा टाकून तक्रारीचं वजन वाढत नाही. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तारीख व नंबर दिसेल असे छापा, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडा आणि फोनमधली मूळ चॅट पुसू नका. राज्य दंत परिषदेकडे वर्तणुकीची तक्रार करता येते, पण परिषद पैसे परत मिळवून देत नाही.

तडजोड झाली तर कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या : किती सेट, किती भेटी, आणि शेवटचे रिटेनर (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून नंतर घालायचे) त्यात आहेत की नाहीत. रिटेनर वरचे आणि खालचे दोन्ही लागतात, आणि त्यांचा उल्लेख राहिला तर पुढचं बिल त्यांचंच येतं.