भाचेबुवांना पत्र: ट्रान्सफर, आणि राहायचं कुठं

चि. भाचेबुवांस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या अर्जातल्या निबंधाचा मसुदा मिळाला, विद्यापीठांची यादी मिळाली, आणि आईचा वेगळा फोनही आला. तिचा प्रश्न एकच, ‘बर्कली चांगलं की यूसीएलए?’ तुझेही प्रश्न फिरून फिरून तिथंच येतात. मला विचारशील तर सुरुवात तिथून करूच नकोस. कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षं काढून ट्रान्सफरनं तू विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला पोचशील, तेव्हा तुझ्या हातात दोनच वर्षं असतील. बारावीनंतर थेट गेलेल्या पोरांना चार मिळतात. विषय बदलायला, एखादं सेमिस्टर वाया घालवायला, मित्र शोधायला त्यांना सवड असते. तुला नाही. कुठलं विद्यापीठ आणि कुठली खोली, दोन्हीचा निकाल या एका हिशेबानं लाव.

सप्टेंबर चालू आहे, म्हणून आधी टॅगचं (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटीचं) सांगते. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्याला यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सहा कॅम्पसपैकी एकाकडून ठरावीक अटींवर प्रवेशाची हमी घेता येते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस (म्हणजेच यूसीएलए) आणि सॅन दिएगो यात नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, एवढीच मुदत. एकाच कॅम्पसची हमी घेता येते, पण घेतली म्हणून बाकीच्यांकडे अर्ज करायला आडकाठी नाही. ‘डेव्हिसला कोण जातंय’ असं तू लिहिलंयस. अरे, हमी खिशात असली की नोव्हेंबरात हात थरथरत नाही. काही कॅम्पस अभियांत्रिकीचे विभाग टॅगमधून वगळतात, तेव्हा मेकॅनिकलला कुठं चालतं ती यंदाची यादी नीट बघ, आणि ३० तारखेची वाट न बघता भर. टॅग भरला तरी मुख्य अर्ज वेगळा करावाच लागतो, हे पोरं विसरतात.

मुख्य अर्ज ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर. त्यात तू बारावीनंतर आपल्या गावात बीएस्सीचं एक सेमिस्टर काढलंस ना, तेही लिहायचं. ‘ते क्रेडिट मला नकोतच, मग कशाला दाखवू?’ असं म्हणू नकोस. शिकलेली प्रत्येक जागा सांगावी लागते, आणि लपवलेली नंतर उघडकीला आली तर मिळालेला प्रवेशही जातो. मार्क्सकार्ड मागवायला आत्ताच कोणाला तरी पाठव. आपल्याकडं युनिव्हर्सिटीतून एक कागद निघायचा म्हणजे दोन-चार हेलपाटे धरूनच चाल. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळं तुझ्या जन्मदाखल्यावर एक आहे नि पासपोर्टवर दुसरं. त्याची चिंता करू नकोस. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मात्र सगळीकडं पासपोर्टप्रमाणं एकाच क्रमानं लिही.

आता खरी गोष्ट, विषयांची तयारी. ‘असिस्ट’ नावाची अधिकृत साइट तू बघतोस असं म्हणालास, पण कशी बघतोस? तुझं कॉलेज, समोरचं विद्यापीठ आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग हा विषय, तिन्ही निवडल्यावर कुठला कोर्स कुठल्या कोर्साच्या जागी धरतात ते समोर येतं. प्रत्येक विद्यापीठाची यादी काढ आणि शेजारी शेजारी ठेव. कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्स, केमिस्ट्री सगळीकडं साधारण सारखं दिसेल. फरक पडतो तो प्रोग्रामिंग, स्टॅटिक्स, मटेरियल्स असल्या कोर्सात. स्टॅटिक्स तुमच्याकडं फक्त स्प्रिंग टर्मला असेल आणि तो तुझा हुकला, तर शेजारच्या कॉलेजात घेता येतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस, तेव्हा आधी तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी मात्र घे. जनरल एज्युकेशनची, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या सर्वसाधारण विषयांची, यादी (तुझे सीनियर तिला आयजीईटीसी म्हणतील, २०२५ च्या फॉलपासून तिचं कॅलजीईटीसी झालंय) पुरी करायच्या नादात फिजिक्स मागं टाकू नकोस. इतिहासाला जाणाऱ्याला ती यादी पुरी असणं उपयोगाचं. इंजिनिअरिंगवाल्याला आधी विषयाची तयारी विचारतात.

हे एवढं घोळून का सांगते? कारण राहून गेलेला एक कोर्स तुला तिथं गेल्यावर घ्यावा लागतो, त्याच्यापुढचे दोन त्याच्यावर अडतात, आणि दोन वर्षांची अडीच-तीन होतात. परदेशी विद्यार्थ्याला यूसीत ट्यूशनच्या वर नॉनरेसिडेंट म्हणून जी जादा रक्कम भरावी लागते, तीच वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर आहे. एफ-१ वर कितीही वर्षं राहिलास तरी फीपुरता तू तिथला रहिवासी ठरत नाहीस. म्हणून विद्यापीठांचा क्रम लावताना नावापेक्षा हे बघ: ज्यांच्या यादीतलं सगळं तुझं स्प्रिंगपर्यंत पुरं होतंय, ती वर. स्टॅनफर्डचं नाव घेतलंयस. भर की, कोण नको म्हणतंय? पण ट्रान्सफरनं घेतलेली पोरं तिथं मूठभर असतात. यूसीला मात्र कम्युनिटी कॉलेजातून पोरं घ्यायची जुनी शिस्त आहे, १९६० च्या मास्टर प्लॅनपासूनची. त्यांच्याच साइटवर विषयवार आकडे असतात, किती अर्ज आले, किती घेतले, घेतलेल्यांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) कुठून कुठवर. कॅम्पसची सरासरी बघून हुरळू नकोस, मेकॅनिकलची ओळ बघ.

तुझ्या मसुद्याबद्दल. पहिले दोन परिच्छेद काढून टाक. ‘सह्याद्रीच्या कुशीत, शिवरायांच्या भूमीत’ हे गॅदरिंगच्या सूत्रसंचालनाला ठीक आहे. सीमाभागाबद्दल लिहू नको असं मी म्हणत नाही. पण १९५६ ची राज्यपुनर्रचना, मग महाजन आयोग, मग २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला दावा, एवढं समजावण्यातच तुझे साडेतीनशे शब्द संपले, आणि त्यात तू कुठं दिसलाच नाहीस. शब्दांची मर्यादा तेवढीच आहे. चार उत्तरं लिहायची, त्यातलं एक सगळ्या ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचं: निवडलेल्या विषयाची तयारी तू कशी केलीस.

त्याचं उत्तर तुझ्या मसुद्यात आहे, पण चौथ्या परिच्छेदात दडून बसलंय. उद्यमबागेत मामाच्या फाउंड्रीत पाऊस लागला की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, येऊन माल परत यायचा. सगळे ‘पावसाळ्यात असंच होतंय’ म्हणून सोडून द्यायचे. तू रोज सकाळी वाळूचा ओलावा मोजून एका रकान्यात लिहायला लागलास आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचे रिजेक्ट पीस. महिनाभरानं ती वही साचे करणाऱ्या मोल्डरसमोर ठेवलीस तर त्यानं आधी बघितलंच नाही, मग तू कन्नडमध्ये त्याच्याशी वाद घातलास. होय की रे, हेच लिही! वहीपासून सुरुवात कर. ओलावा किती टक्क्यांवर गेला की रिजेक्ट वाढायचे ते आकड्यात लिही. आकडा आठवत नसेल तर मामाला फोन करून वही शोधायला लाव, अंदाजानं ठोकू नकोस. मग तिथून स्टॅटिस्टिक्सचा कोर्स का घेतलास, मटेरियल्स का शिकायचंय, ते आपोआप येईल. घरी मराठी, शॉपवर कन्नड, शाळेत इंग्लिश हे वेगळं मिरवायला नको, त्या वादातच ते दिसेल. आणि ‘पॅशनेट’ हा शब्द मी मोजला नाही, पण आता एकदाही दिसू नये. शिफारसपत्रांसाठी प्रोफेसरांच्या मागं धावू नकोस. यूसी अर्जासोबत ती मागत नाही, सॅट परीक्षेचे मार्कही बघत नाही.

अर्ज गेला की झोपून राहायचं नाही. जानेवारीत ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट भरायचा, त्यात फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगला घेतलेले कोर्स. मधेच एखादा कोर्स सोडलास तर तेही कळवायचं. निकाल साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि होकार कळवायची शेवटची तारीख १ जून. त्यानंतर तुमच्या कॉलेजातून सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) रेकॉर्ड नव्या विद्यापीठाकडं सोडवून घ्यायचं आणि नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला, काढायचा. त्यासाठी एका वर्षाच्या खर्चाचा पुरावा परत द्यावा लागेल. बाबांना आत्ताच सांग, खानापूरकडच्या शेताचा उतारा त्यात सहसा धरत नाहीत. बँकेतली शिल्लक, फिक्स्ड डिपॉझिट, मंजूर झालेल्या कर्जाचं पत्र, हे चालतं. कर्जाचं बोलणं जूनवर ढकललंत तर बँकेच्या दारात धावपळ होईल.

राहण्याबद्दल तू शेवटी दोनच ओळी लिहिल्यायस, ‘मावशी, आपल्याकडची चार पोरं लांब फ्लॅट घेतायत, स्वस्त पडेल, जाऊ का?’ मला विचारशील तर पहिल्या वर्षी नको.

पोरं वाईट आहेत म्हणून नव्हे. संध्याकाळी आमटी-भाताचा वास येतो, मराठी बोलायला मिळतं, त्याचं मोल मला ठाऊक आहे. पण तू तिसऱ्या वर्षाला जाणार. वर्गातल्या निम्म्या पोरांचे गट आधीच जमलेले असणार. बर्कली आणि मर्सेड सोडले तर यूसीच्या बाकी कॅम्पसवर क्वार्टर चालते, म्हणजे शिकवणं दहाच आठवडे. तिसऱ्या आठवड्यात मिडटर्म दारात. ट्रान्सफरवाल्यांचे मार्क पहिल्या टर्मला घसरतात ते बुद्धी कमी म्हणून नाही. प्रॉब्लेम सेट कोणाबरोबर सोडवायचा, कोणाला रात्री अकराला विचारायचं, हे जमेपर्यंत टर्म संपलेली असते म्हणून. फॉर्म्युला एसएई या रेसगाडी बांधायच्या विद्यार्थी स्पर्धेच्या टीमचं काम वर्कशॉपमध्ये संध्याकाळनंतरच रंगतं. फाउंड्रीत वाढलेल्या पोराची जागा तिथं आहे. तिथून उठून शेवटची बस धरायची म्हणजे तू कायम अर्ध्यातून निघणारा होणार.

पैशाचाही हिशेब वाटतो तेवढा सरळ नाही. बाहेरचा फ्लॅट बहुतेक बारा महिन्यांच्या करारावर मिळतो, कॅम्पसचा करार बहुधा शैक्षणिक वर्षाचा. तुला उन्हाळ्यात इंटर्नशिप दुसऱ्या गावात लागली तर रिकाम्या खोलीचं भाडं भरत बसशील. घरमालक क्रेडिट हिस्टरी मागतो, नाहीतर तिथला हमीदार. डिपॉझिटबाबत कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, मोजक्या घरांच्या छोट्या मालकाला दोन महिन्यांपर्यंत चालतं. त्याहून जास्त मागणाऱ्यापासून दूर राहा, आणि लांबूनच, न बघितलेल्या खोलीसाठी कोणाला पैसे पाठवू नकोस.

कॅम्पसवर काय मिळतं ते जागोजागी वेगळं. यूसीएलए ट्रान्सफरवाल्यांना दोन वर्षं खोलीची हमी देते, अर्ज मुदतीत केला तर. बर्कलीत २०२४ मध्ये अँकर हाउस उघडलं, ७७२ जणांची चौदा मजली इमारत, खास ट्रान्सफरवाल्यांसाठी. तिथं सगळे अपार्टमेंट, प्रत्येकात स्वयंपाकघर. हाउसिंगचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा आणि त्याची मुदतही वेगळी. प्रवेश मिळाल्याच्या आनंदात ती निघून जाते. पत्र आलं की पेढे नंतर, आधी हाउसिंगचं पोर्टल उघड.

पसंतीक्रम असा लाव. ट्रान्सफरवाल्यांचं अपार्टमेंट असेल तर ते पहिलं. नसेल तर ट्रान्सफरवाल्यांचा मजला, मग तिघांची खोली पडली तरी चालेल. तिघांची स्वस्त पडते, आणि खोलीत तू झोपायलाच येणार. तिथं मील प्लॅन सक्तीचा असतो. आईला वाटतं पोरगं उपाशी राहील. नाही राहणार. शाकाहारी भरपूर असतं, चव आपली नसते एवढंच. पहिल्या टर्मला भांडी घासायचा वेळ वाचतो, तो तुला लागणारच आहे. डिसेंबरच्या सुट्टीत इमारत बंद होते का, हे मात्र अर्ज करण्याआधी विचार. स्थानिक पोरं घरी जातात, तू त्या वेळी बेळगावला येणार नाहीस. दुसऱ्या वर्षी, चार माणसं ओळखीची झाल्यावर, खुशाल बाहेर फ्लॅट घे, आपल्या पोरांबरोबरसुद्धा.

रूममेटच्या फॉर्मवर झोपायची वेळ, आवराआवर, पाहुणे, आवाज असले प्रश्न असतात. ते आई शेजारी उभी आहे असं धरून भरू नकोस. तू पहाटे उठत नाहीस, रात्री दोनला झोपतोस, आणि तुझ्या खुर्चीवरचे कपडे मी बघितलेत. तसंच लिही, म्हणजे तसलाच कोणीतरी मिळेल. स्वयंपाकघर मिळालं तर लाल मिरचीची फोडणी टाकण्याआधी एक्झॉस्ट लाव आणि खिडकी उघड. स्मोक अलार्म वाजला की अख्खी इमारत रस्त्यावर येते, आणि कोणाच्या खोलीतून वाजला ते सगळ्यांना कळतं.

टॅगचा फॉर्म भरण्याआधी मला एकदा दाखव. मसुदा रविवारपर्यंत.

तुझी
मावशी
टिळकवाडी, बेळगाव